जाळीवरची पानं

इथे यायला रस्ता नाही.
म्हणजे सहा मैल आहे, पण तो कुठूनच येत नाही,
धक्क्यापाशी सुरू होतो आणि डोंगरापाशी
काहीतरी विसरल्यासारखा थांबतो.
बाकीचं समुद्र बघून घेतो.

मर्डिना अंधारात उठते. दिवा मिणमिणतोय,
म्हणजे वर ओढ्याच्या तोंडाशी
जाळीवर पानं साचलीत,
बर्चची, रोवनची, रात्रीच्या वाऱ्याने आणलेली.
साऱ्या गावाची वीज या एका ओढ्यावर.
आज पाळी तिची. चुकवली
तर शाळेतल्या पाचही पोरांना
दुपारी गार सूप.

दांताळं खांद्यावर टाकून ती चढते.
वाटेत भिंती लागतात, गुडघ्याएवढ्या,
आत नेटलचं रान, अंगाची आग करणारं.
नेटल उगाच माजत नाही,
कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे चुलीची राख टाकलेली असते.
मर्डिना मोजे वर ओढते.
घरं मोजत नाही.

या गावावर गाढवाचा नांगर नाही फिरला,
मेंढरं फिरली.
त्याआधी जमीनदाराच्या माणसांनी
छपरांचे वासे उतरवून जाळले.
दगड कुठेही मिळतो,
या वाऱ्यात झाड मिळत नाही.
गलबत खाडीत उभंच होतं.
ओइरिक नावाची एक बाई चढली नाही.
उपड्या होडीखाली राहिली तीन आठवडे,
शिंपले उकडून खात.
पुढचं कुणाला ठाऊक नाही.
मर्डिनाची आजी एवढंच सांगायची,
तेही गेलिकमध्ये,
आणि गेलिक मर्डिनाला अर्धंच कळायचं.

मग हरणं आली. मग हरणं मारायला येणारे.
खूप उशिरा गावाने वर्गणी काढली, डबे फिरवले,
आणि आपलीच जमीन विकत घेतली.
रात्रभर नाचले सगळे.
सकाळी लक्षात आलं,
गळणारं छप्परही आता आपलंच.

गेल्या आठवड्यात नोव्हा स्कोशियाहून
वेंडेल मॅकइसॅक आला, वंशावळीचा कागद घेऊन.
आमचं घर यातलं कुठलं?
लाँच सुटायला वीस मिनिटं होती.
मर्डिनाने जवळची भिंत दाखवली.
तो दगडांना हात लावून रडला,
हात नेटलने सुजला, तरी काढेना.
तेव्हापासून तिला रुखरुख आहे.

जाळीशी ती वाकते.
हा बांध तिच्या बापाने घातला, हाताशी आले त्या दगडांनी.
एकावरची काजळी
इतकी वर्षं पाणी धुतंय, निघत नाही.
कधी विचारलंच नाही, कुठून उचललास म्हणून.

पानांचा ओला गठ्ठा सुटतो.
पाणी खाकरतं, मग नळात शिरतं.
खाली खिडक्या उजळायला लागतात,
धक्का, शाळा, दुकान,
चौथी, पाचवी,
आता मात्र ती मोजते.
टोकाची लागत नाही.
बल्ब गेला असेल,
नाहीतर लॉख्लन अजून झोपलाय.