सतरावी पायरी

लेखापरीक्षणाचा तिसरा दिवस. निफाडचा पारा सहावर,
दसकच्या वळणावर गोदावरीतून वाफ निघते आहे
आणि मी मोजमापवही छातीशी धरून
पायऱ्या मोजते आहे, मोठ्यानं,
गांगुर्डेंनाही ऐकू जावं म्हणून.

चौदा. पंधरा. सोळा.

'सतरावी पाण्याखाली आहे मॅडम,' गांगुर्डे म्हणतात.
कनिष्ठ अभियंता, तीन वर्षांत चौथे;
आधीच्या तिघांच्या सह्या आहेत, माणसं बदलून गेली.

कागदावर सगळं पूर्ण आहे.
घाट सुशोभीकरण, टप्पा दोन. प्रगती नव्वद टक्के,
पुढच्या महिन्यात नव्वद, त्याच्या पुढच्या महिन्यात नव्वद,
मग एकतीस मार्चला, एका रात्रीत, शंभर.
बार चार्टवर निळ्या पट्ट्या एकीखाली एक,
त्यांचाच एक घाट झालाय उतरता.
त्यात नदीसाठी पट्टी नाही.
जोखीम नोंदवहीत एकच ओळ: पाऊस येऊ शकतो.
मुदतवाढीच्या तिन्ही अर्जांत
तो आलेला आहे, अनपेक्षितपणे,
तिन्ही वर्षं, जुलैत.

माझे वडील प्रेसमध्ये मोजणीला होते.
दिवसभर कोऱ्या करकरीत नोटा,
भोंगा झाला की दारावर झडती.
घरी आल्यावर दूधवाल्याचे पैसे
दोनदा मोजायचे, आणि मग आईकडे द्यायचे मोजायला.
'विश्वास नाही म्हणून नाही गं,' म्हणायचे,
'बोटं दमतात.'
एवढं सरळ मला कुठल्याच प्रशिक्षणात
कुणी सांगितलं नाही.

धरणातून आवर्तन सुरू आहे.
पाणी उतरायला आठ दिवस, माझा दौरा उद्या संपतो.
'लिहून टाका ना, पाहणीत आढळली म्हणून.
सोळा आहेत, तर सतरावी कुठं जाणार?'
गांगुर्डे वाईट माणूस नाहीत.
थर्मासमधला चहा आधी मला दिला त्यांनी.

मी चपला काढल्या. सलवार गुडघ्यापर्यंत.
धुणं धुणाऱ्या पेखळे मावशींनी
बादली बाजूला घेतली आणि
काही न विचारता हात पुढे केला.

सोळावी खरखरीत, कडेला शटरिंगच्या फळीचा वण.
मग नुसतं गार पाणी. मग
पाय टेकला.

आहे.
गांगुर्डेंनी सोडलेला श्वास मला पाण्यात ऐकू आला.

पण ती गुळगुळीत होती.
मधोमध खोलगट, पळीसारखी,
टाच बरोबर मावेल अशी.
सिमेंट दोन वर्षांत इतकं झिजत नाही.
त्याला दगड लागतो, आणि पिढ्यान् पिढ्या अनवाणी माणसं.

'ती जुनीच हाये,' मावशी म्हणाल्या.
'माझी सासू हितंच घसरली व्हती.'

देयक अकरावं, पान चौऱ्याऐंशी:
पायरी, नवीन, पाया खोदाईसह. रक्कम अदा.

अर्धसमास तिथंच बसून लिहिला, ओल्या पायांनी.
सतरावी पायरी अस्तित्वात आहे.
परंतु ती या प्रकल्पाची नाही.
पुढे वसुलीचा आकडा लिहिला,
तो खोडून बरोबर लिहिला, बोटं गारठली होती.

गांगुर्डेंनी दोनदा वाचलं.
'त्या पानावर सही माझी नाही.'
'माहीत आहे.'
'उत्तर मात्र मीच द्यायचं.'
'हो.'
ते घाटाकडे बघत राहिले,
मनातल्या मनात पुन्हा मोजत असावेत,
ओठ हलत होते.

कुठल्या रकान्यात बसेना असं एक राहिलंच होतं:
त्या दगडाचं अंदाजपत्रक, त्याला लागलेली मुदत,
कुणी बसवला, कुणी तपासला.
मी पेन उघडं ठेवून थांबले जरा.

मावशी बादली घेऊन परत उतरल्या.
'झालं का मोजून?'
'झालं.'
'मंग सरका बरं थोडं,' म्हणाल्या,
आणि न बघता
त्या खोलगटात पाय ठेवून उभ्या राहिल्या.