थांबा, असं लिहिलं होतं

पत्रक आलं तेव्हा वाळपईत
गल्लीभर काजूच्या बोंडांचा वास होता.
डॉक्टर आझावेदोंनी ते लसीकरणाच्या तक्त्यावर टाचलं,
"सिस्टर, वाचून घ्या," म्हणाले,
प्रत्येक पत्रकाला म्हणतात तसंच.

राष्ट्रीय समिती. खाली तेवीस सह्या.
त्यांतलं कुणी सत्तरीत आलं असेल
असं वाटत नाही.
म्हादईच्या पुरात, जीपमध्ये,
बाळंतपण त्यांनी केलेलं नसेल.
मी केलंय. दोन.

मजकूर एवढाच:
बाळ रडलं असेल तर नाळ लगेच कापू नका.
निदान एक मिनिट थांबा.
मागे पाच पानं आकडे.
कुठल्या कुठल्या वॉर्डांतली मुलं
कुणीतरी मोजली होती,
महिन्यांनंतर पुन्हा गाठून
त्यांचं रक्त पाहिलं होतं.

एकोणतीस वर्षं मी लगेच कापत आले.
मडगावच्या मेट्रनबाईंनी शिकवलं तसं:
चिमटा, चिमटा, कात्री.
हात चपळ हवा, म्हणायच्या.
माझा होता. एका वर्षी त्याबद्दल
स्टीलचा डबाही मिळाला.

रागच आला.
मग पानं घरी नेली. भात करपला.

गुरुवारी पहाटे चंद्रावती माजीक.
मुलगी. लगेच रडली.
आईच्या पोटावर ठेवून पंचा घातला
आणि हात कात्रीकडे गेला.
तो मी दुसऱ्या हाताने धरला.

नाळ बोटांखाली उडत होती,
निळी, जाड, ओल्या दोरासारखी.
"कापत का नाही गो?" सासू.
"दिल्लीहून थांबायला सांगितलंय."
"दिल्लीला काय कळतं बाळंतिणीचं?"
परवापर्यंत मीही हेच म्हणत होते.

चाळिसाव्या सेकंदाला आठवलं,
ही चंद्रावतीही माझ्याच हातची.
सात महिन्यांची असताना पांढरीफटक,
लोहाचं औषध थुंकून टाकणारी.
रजिस्टरात अक्षर माझंच आहे.

नाळेमुळे असेल. नसेलही.
एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही,
तिसऱ्या पानावर तेच लिहिलंय.
म्हणून तर हजारांनी मोजतात,
ज्यांना कुणाचं नावही ठाऊक नसतं.

साठ. ठोके मंदावले होते,
थांबले नव्हते.

मी कात्री उचलली नाही.
पत्रकात शब्द 'निदान' असा आहे.