निरंक

पहाटे साडेपाचला गॅस बारीक करतो.
चिमट्यात काचनळी तिरकी धरून
वरचाच भाग तापवायचा, बूड गार राहू द्यायचं,
खैरनार सिस्टरांनी दाखवलं होतं तसं.
मग व्हिनेगरचे तीन थेंब.
मग नळीमागे कालचा पेपर.

राशिभविष्य वाचता आलं तर उत्तम.
अक्षरं पुसट झाली तर ‘किंचित’.
दह्यासारखं काही साकळायला लागलं
तर पेपरात काय आहे ते बघण्यात अर्थ नसतो.

वहीत चार रकाने : तारीख, वजन, सूज, प्रथिन.
हात सरकारी आहे, रेघ सरळ येते.
प्रथिन : निरंक.
ऑफिसातून घरी आणलेली एवढीच वस्तू,
हा शब्द.

ऑफिसात माझ्याकडे साथरोगांचा साप्ताहिक तक्ता.
पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक,
गोवर निरंक, कावीळ निरंक, कांजिण्या निरंक.
बावीस वर्षं भरतोय चौकटी
चहा ढवळावा तशा, न बघता.
फोन लागला नाही तरी निरंक.
घाटापलीकडे मोजायला कुणी गेलंच नाही
तरी निरंक.

मग एका सकाळी शर्वाणीचे डोळे सुजले.
‘पोरीनं बाळसं धरलं हो,’ शेजारच्या कासारकाकू.
नडगीवर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला.
पाणी होतं ते.
चाळणी बिघडलीय मूत्रपिंडाची, डॉक्टर म्हणाले,
राखायचं तेच वाहून जातंय.
आणि आता हिला साधी सर्दीसुद्धा
साधी समजू नका.

गोळ्यांनी गाल फुगले. वर्गात नाव पडलं मोदक.
‘चालेल,’ म्हणाली, ‘मोदकात मीठ नसतं.’
उकडीत चिमूटभर असतं, हे सांगायला
तिच्या आईनं तोंड उघडलं,
आणि मिटलं.

फाल्गुनात गल्लीतली रहाड उघडली.
वर्षभर मातीखाली झोपलेला दगडी हौद,
शेजारी कढईत पळसाची फुलं रटरटताहेत.
लहानपणापासून मी पहिल्या दहांत उडी मारणारा.
यंदा खालच्या मजल्यावर अदनानला कांजिण्या.
खिडक्या लावल्या. जिना बंद.
तिनं काचेला नाक लावलं :
‘बाबा, तुम्ही जा. किती वेळ बुडता ते मी मोजते.’
नाही गेलो.
कुणाच्या अंगाचं काय घेऊन वर येईन, कोण जाणे.

त्या आठवड्याच्या तक्त्यात, शहराच्या ओळीत,
हात सवयीनं ‘नि’पर्यंत गेला.
खोडलं. लिहिलं : एक.
‘एकासाठी कशाला खाडाखोड, निकुंभ?’ साहेब.
म्हटलं, राहू द्या, आमच्या जिन्यातला आहे.
मग पेठला फोन लावला. लागला नाही.
पुन्हा लावला.

अदनानच्या खपल्या गळून गेल्यात आता.
आज नळी जराशी धुरकट.
शर्वाणी डोळे चोळत ओट्यापाशी आली.
मी आधी पापण्या पाहिल्या, मग तिला.
‘वाचता येतंय?’
येतंय. थोडं वाकून.
‘माझी रास काय म्हणते?’

तिला मनाचंच काहीतरी सांगितलं,
घोडा, सहल, अचानक धनलाभ.
वहीत मात्र होतं ते लिहिलं.