कोटावरचा बोर्ड

काम पुरातत्त्व खात्याचं होतं. निळा पत्रा, पांढरी अक्षरं,
सात ओळी, दंडाची रक्कम धरून.
देवगडहून एसटी, मग खाडीतली तर,
मग जांभ्याच्या पायऱ्या,
अर्ध्या करवंदीच्या जाळीनं गिळलेल्या.

तरीवर रुक्मिण तांडेल होती, गवताला निघालेली.
म्हणाली, थंय तिन्हीसांजेक हजेरी घेतत.
कोण?
ती पाण्यात थुंकली.
जो घेता तो. शिबंदी मेली, पगार बुडालो,
तेची वही काय मिटाक नाय.
तुजा नाव घेतल्यान तर गप रव.
ओ दिलंस काय चढलंस वहीत.

मी हसलो. तिनं विळ्याची धार अंगठ्यानं बघितली.

कोटात काय होतं ते सांगतो.
एक तोफ, तिच्या तोंडात चिप्सचं पाकीट.
एक विहीर, विहिरीत पिंपळ.
भिंतीवर खडूनं, खिळ्यानं, कोळशानं नावं,
'दहावी ब', 'सतेज + मधुरा', मधुरावर नंतर मारलेली काट.
राखणदाराच्या दगडाशी ताजा नारळ
आणि एक न पेटवलेली विडी.
जंग्यांतून वारा आला की
बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा आवाज.
भ्यावं असं एवढंच.

मी बसलो रंगवत.
माझे वडील होड्यांवर नावं घालायचे,
धनलक्ष्मी, सागरकन्या, रामेश्वर प्रसाद.
काना ओढताना श्वास धर, म्हणायचे,
आणि टिंबं अगदी शेवटी,
ओळी वाळल्यावर, सगळी एकदम.
टिंब म्हणजे अक्षराची तीट.
तीट काय आंघोळीआधी लावतात?

सातवी ओळ: सूर्यास्तानंतर येथे थांबू नये.
ती लिहून होईस्तोवर
सूर्य पाण्याला टेकलाच.

तेव्हा हाक आली.
खालून, किंवा विहिरीकडून.
दिगल्याऽऽ

रेशनकार्डावर मी दिगंबर. बायकोसाठी अहो.
दिगल्या म्हणणारा एकच माणूस होता,
त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
ओ जिभेवर आली होती.
मी ब्रश दातांत धरला.
टर्पेंटाइनची चव अजून आठवते.
पुन्हा हाक आली, थोडी चिडलेली,
जेवण थंड होतंय अशी.
मग इंजिन सुरू झालं, खाडीभर घुमलं,
आणि बारीक होत गेलं.

रात्र तोफेला टेकून काढली.
सापाच्या भीतीनं मोबाइलचा उजेड
इकडून तिकडे फिरवत.

सकाळी तरवाला म्हणाला,
काल रातीक कोटावर उजेड फिरी होतो,
अख्ख्या वाडीन बघल्यान.
मी काही बोललो नाही.
मी फक्त विचारलं, काल हाक तुम्हीच मारलीत ना?
मारलंय तर. ओ पेंटर, म्हणान. एकदाच.
तुमचा नाव माका खंय म्हायत?

बिल पास झालं. पैसे आले.
साहेब फोटो बघून म्हणाले, अक्षर झकास.
कुणाच्या ध्यानात आलं नाही
की बोर्डावर एकही टिंब नाही.
सरक्षित स्मारक. सूर्यास्तानतर. थाबू नये.
दंडाचा तर दडच झालाय,
लहानपणी लपंडावात आम्ही ओरडायचो तसा.

जाऊन यायला हवं.
पांढऱ्या रंगाची डबी, शून्य नंबरचा ब्रश,
काम दहा मिनिटांचं.
सकाळी नऊलाही तर असते, अकरालाही.
मी साडेचारची विचारून ठेवलीय.