लागणे

शुक्रवार दुपार, सोहार. एसी घरघरतो.
बद्रिया सरकारी इस्पितळात दुभाषी आहे,
माझ्या मराठीतल्या चुका हल्ली तीच काढते.

भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
हे तिला मागच्या रमजानमध्येच आलं.
गाडी लागली ती फलाटाला की पोटाला,
यावर आम्ही अख्खा थर्मास कहवा संपवलाय.

आज वही न उघडताच म्हणाली,
काल वॉर्डात एक पाष्टे आले. वेल्डर,
शृंगारतळीचे. शुद्ध नव्हती.
सोबत त्यांच्या खोलीतला दिलावर परकार.
फॉर्मवर नात्याचा रकाना होता. मी नीट विचारलं,
हे तुमचे कोण लागतात?

तो म्हणाला, कोणी लागत नाही.
स्वतःच्या सेफ्टी बुटांकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
पण जेवताना समोर लागतो.

सर, हा कितवा अर्थ?

मी कोश ओढला, ल काढला,
बोट खाली खाली नेत राहिलो.
बाहेर असरची बांग झाली.
शेवटी विचारलं, रकान्यात काय लिहिलंस?

ती पिशवी आवरत होती.
वेळ लागला, एवढंच म्हणाली.