बावीस यार्ड भात

मसूर निघाली की भरमाण्णा हुंदरे
शेत आमच्या स्वाधीन करतात.
कागद नाही, तोंडी बोलणं:
धूळवाफेच्या पेरणीआधी मोकळं करायचं
आणि बांध फोडायचा नाही.
म्हणून आमच्या मैदानात दोन बांध आहेत,
एक मिडविकेटला, एक थर्डमॅनच्या पाठीशी.
बाहेरगावचा फिल्डर पहिल्या षटकात हमखास पडतो.
आमचाही पडतो,
फक्त बांधाला नावानिशी शिव्या देतो.

सिमेंटच्या पाइपात दगड भरून रोलर केला,
शेणकाला घातला चार संध्याकाळी.
उद्यमबागेतून पहिल्या पाळीचे सुटलेले
परशराम, नागोजी, कल्लाप्पाचा धाकटा
हात न धुताच ओढायला लागत.
फाउंड्रीची काळी वाळू त्यांच्या नखांतून
पिचमध्ये किती गेली, कोण मोजणार.

मोजायचं काम माझं.
अकरा उन्हाळे वही माझ्याकडे आहे.
आधी किपर होतो. उजवी करंगळी
अजून लेगसाइडला बघते.

हुदलीचा संघ आला त्या रविवारी
त्यांचा शिवपुत्र माझ्याच सतरंजीवर बसला.
त्याची वही कन्नड आकड्यांत.
त्यांचा एक मला नेहमी
तोंड मिटायचं राहून गेलेलं शून्य वाटतो.
षटक संपलं की तो विचारायचा, "एष्ट आतरी?"
मी बोटं दाखवायचो.
करंगळी धरायची की नाही, यावर एकदा हसलो दोघं.
ताक एकाच तांब्यातलं.

आमचे आठ षटकांत बहात्तर.
त्यांचं शेवटचं षटक परशरामचं.
धूळ, ओरडा, कर्ण्यावरचा तो बेसूर समालोचक,
आणि सामना संपला तेव्हा
त्याच्या वहीत बहात्तर, माझ्या एकाहत्तर.

आमची पोरं तोवर नाचायला लागली होती.
गुंडू मास्तर, पंच,
टोपी काढून विहिरीकडे निघाले होते.
हुदलीचा टेम्पो हॉर्न देत होता, रात्रपाळीची माणसं त्यात.
शिवपुत्रनं माझ्या वहीत पाहिलं. मग माझ्याकडे.
"बिड्री," म्हणाला,
आणि आपला एक खोडला.

चार दिवसांनी, दूध घालायला डेअरीत रांगेत उभा असताना
मला ते आठवलं:
चौथा चेंडू. मांडीला लागून बांधाकडे गेलेला.
गुंडू मास्तरांनी पाय उचलून गुडघ्यावर हात मारला होता
आणि मी त्या क्षणी
तांब्यात किती उरलंय ते बघत होतो.

त्या एका धावेवर आम्ही फायनलला गेलो.
नंदगडनं धुतलं.
पहिल्याला बकरं होतं, दुसऱ्याला घड्याळ.
घड्याळ डेअरीतच लावलंय, रांगेच्या बरोबर समोर.

मग एक दिवस ट्रॅक्टर आला.
कोरडी, फुफाट्याची जमीन उलटत गेली सहज,
मधे मात्र फाळ उडाला.
"हितं काय पुरलासा बे?" ड्रायव्हर ओरडला.
दोनदा, तीनदा फिरवलं त्यानं,
तरी ढेकळं विटांसारखीच निघाली.
स्टंपाचं एक भोक शाबूत, एका ढेकळात.
नागोजीनं ते ढेकूळ घरी नेलं. का, ते विचारलं नाही.

आता श्रावण सरत आलाय.
रस्त्यावरून पाहिलं तर भात कमरेला,
आणि मधोमध एक लांबट तुकडा
गुडघ्याएवढाच, फिकट.
नवख्या माणसाला वाटेल, खत कमी पडलं.

भरमाण्णा काल बांधावर भेटले.
"अर्धं पोतं कमी येतंय दरवर्षी त्येवढ्यात,"
तंबाखू मळत म्हणाले.
मी म्हटलं, आजवर बोलला नाहीत कधी.
"तू तरी सगळं लिवतोस व्हय वहीत?"

ते सहजच म्हणाले असणार.
मी भाताकडे बघत राहिलो.
हुदलीची बस साडेपाचला असते.