गाळलेला ठोका

लोंढ्याच्या पुढं, वळणावर, भरमाण्णा कीमननं
चकती रुळाला दाबून धरलेली, डाव्या अंगठ्यानं.
तिचा चिमटा उद्यमबागेतून अजून यायचाय;
फाउंड्रीवाला सोमवार म्हणाला होता. कुठला, ते नाही.

उजव्या हातानं तो हातोडी मारतो, मी आलेख बघते.
चांगला रूळ खणखणतो, पिचका बद्द वाजतो,
त्याला मशीन कशाला?
हे तो कानडीत विचारतो,
मी मराठीत गप्प बसते.

तीन आठवडे प्रत्येक नोंदीच्या तळाशी
एक बारीक ठोका. रुळाचा नव्हे, इंजिनाचा नव्हे.
मी गाळणी लावली. दुसरी लावली.
अहवालात लिहिलं : गोंगाट, कारण अज्ञात.

मंगळवारी रात्री टिळकवाडीतल्या खोलीत
चुकून गाळणी उलटी जोडली गेली.
रूळ गेला, हातोडी गेली, मालगाडी गेली,
उरला तेवढा ठोका.
दोन, तीन,
मग खड्डा,
मग घाईघाईनं दोन.

माझा हात आपोआप माझ्याच मनगटावर.

सकाळच्या पॅसेंजरनं खानापूर, सरकारी दवाखाना.
डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी खिडकीशी नेऊन
बराच वेळ बघितली. चिठ्ठी लिहिली, बेळगावची.
भरमाण्णा शर्टाची बटणं लावत म्हणाला,
"आणि रूळ?"
रूळ बरा आहे, म्हटलं.

चिमटा आला एकदाचा. घट्ट बसतो.
आता आलेख स्वच्छ, तळाशी काही नाही.
नवा पोरगा हातोडी मारतो, मी
कुणी बघत नाही असं बघून
मधूनच चकतीवर अंगठा ठेवते.